बाबा, नात्तोला हात लावायचा नाही

प्रिय आई-बाबा,
सा. न.

तुम्ही जपानला याल तेव्हासाठी मागितलेल्या रजेचं उत्तर आलं. चारच दिवस मिळाले. बाकीचे दिवस सकाळी साडेआठ ते संध्याकाळी सात घरात तुम्ही दोघंच. आई, "मग आम्ही येतोच कशाला?" असं लगेच म्हणू नकोस. तिकिटं काढून झालीत आणि त्यांचे पैसे परत मिळत नाहीत. मी आणखी चार दिवस मागू शकले असते, पण दिवाळीला घरी यायचं तर तेवढे शिल्लक ठेवायलाच हवेत. दोनदा हिशेब मांडून पाहिला.

दुपारच्या जेवणाचं मी ठरवून टाकलंय. दोन दिवस डबा करून ठेवीन. उरलेल्या दिवशी घराजवळच्या कुरा सुशीत जायचं, म्हणजे ताटल्या पट्ट्यावर फिरत येतात ते हॉटेल. पहिल्या रविवारी आपण तिघं जाऊ. त्यानंतर तुमचं तुम्ही. कच्चे मासे खायला घालते म्हणून नाक मुरडू नका. हे ठिकाण निवडलं ते एवढ्यासाठीच की तिथे तोंडातून जपानीचा एक शब्दही न काढता पोटभर जेवता येतं. टेबलावरच्या पडद्यावर चित्र बघायचं, बोट लावायचं.

बाबा, तुम्हाला तर जेवणापेक्षा पट्टाच आवडेल. हा प्रकार निघाला आमच्याच हिगाशी-ओसाकात, फुसे स्टेशनजवळ, 1958 साली. शिराइशी योशिआकी नावाचे गृहस्थ आसपासच्या छोट्या कारखान्यांतल्या कामगारांसाठी स्वस्त सुशीचं दुकान चालवायचे. माणसं पुरेनात. बिअरच्या कारखान्यात पट्ट्यावरून सरकणाऱ्या बाटल्या पाहून त्यांना हे सुचलं. अडलं ते कोपऱ्यावर: सरळ पट्टा वळणार कसा? शेवटी चंद्रकोरीच्या आकाराचे तुकडे साखळीवर बसवले. वळणावर ते पत्त्यांच्या पंख्यासारखे एकमेकांवर सरकतात, फट पडत नाही. वेग सेकंदाला साधारण 8 सेंटिमीटर. जास्त झाला तर ताटली उचलताना धांदल उडते, कमी झाला तर गिऱ्हाईक वैतागतं. कोपऱ्याकडे बघत बसा हवं तर, पण आईची ताटली पुढे जाऊ देऊ नका.

आता नीट वाचा. बारा ते एक गर्दी असते, म्हणून अकराला नाहीतर दोननंतर जा. दारातल्या यंत्रावर भाषा इंग्रजी करायची, माणसं 2, जागा "टेबल". चिठ्ठी निघते तिच्यावर नंबर असतो. तो पडद्यावर आला की टेबलाचा क्रमांक दिसतो, आपलं आपण जाऊन बसायचं. पट्ट्याच्या बाजूला बाबांनी बसावं.

ताटल्यांवर पारदर्शक झाकण असतं. झाकणाला हात लावायचा नाही. ताटलीची कड धरून वर उचलली की ते आपोआप उघडतं. एकदा उचललेली ताटली परत ठेवायची नाही, मनात नसली तरी. रिकामी ताटली पट्ट्यावर तर मुळीच नाही. ती टेबलाच्या कडेच्या फटीत टाकायची, तिथेच मोजली जाते. पाच झाल्या की पडद्यावर खेळ सुरू होतो, नशीब असलं तर खेळण्याची डबी पडते. बाबा, डबीसाठी पाचवी ताटली खायची नाही. वाट्या-कप फटीत जात नाहीत, ते टेबलावरच राहू द्या. पडद्यावरून मागवलेलं वरच्या मार्गाने थेट तुमच्या टेबलासमोर येऊन थांबतं. तुमच्यासमोर न थांबता पुढे गेलं ते दुसऱ्याचं.

टेबलावर काळं बटण असलेला नळ आहे. त्याखाली हात धुवायचे नाहीत! त्यातून चहाचं जवळपास उकळतं पाणी येतं. परदेशी पाहुणे नेमके तिथेच बोटं भाजून घेतात. कपात आधी हिरव्या चहाची पूड घालायची, एक छोटा चमचा, मग कपानेच बटण दाबायचं. आणि पाकिटातली हिरवी पेस्ट म्हणजे चटणी नव्हे, वासाबी आहे. ती जिभेऐवजी नाकात चढते. बाबांनी "बघू तरी" म्हणून अख्खं पाकीट पिळू नये.

चॉपस्टिक जमल्या नाहीत तरी काही बिघडत नाही. सुशी हाताने खाणं ही जुनीच रीत. आई, तू वरणभात कालवून भरवायचीस तशीच बोटं वापरायची. भात सॉसमध्ये बुडवू नका, तो शोषून घेतो आणि सुटतो. माशाची बाजू टेकवा, तीही जेमतेम. सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात अडीच ग्रॅमच्या आसपास मीठ असतं आणि दिवसभराची मर्यादा पाच ग्रॅमची. बाबांचं बीपी मला फोनवरूनसुद्धा कळतं.

सगळ्यात महत्त्वाचं: नात्तो. तपकिरी, बुळबुळीत, तार सुटणारे सोयाबीनचे दाणे, भातावर नाहीतर समुद्री शेवाळाच्या काळ्या गुंडाळीत. हृदयाच्या झडपेच्या ऑपरेशननंतरची वॉरफेरिन, म्हणजे रक्त पातळ ठेवणारी गोळी, चालू असताना ते खायचंच नाही. त्यात के जीवनसत्त्व भरपूर असतं आणि त्यातले जंतू आतड्यात ते आणखी बनवत राहतात, म्हणून एकदा खाल्लं तरी गोळीचा परिणाम काही दिवस कमी राहतो. "चव घेतो" चालणार नाही, बाबा.

रुपेरी कातडीचा साबा मासा हा आपल्या बांगड्याचा भाऊबंद. तुम्ही त्याच्याकडेच वळणार, म्हणून सांगते. त्यात अनिसाकिस नावाचा जंत असू शकतो. मीठ-व्हिनेगरने तो मरत नाही. उणे 20 अंशांवर 24 तास गोठवलं की मरतो. अशा मोठ्या हॉटेल-साखळ्यांचा बराचसा माल गोठवलेलाच असतो, पण तुम्ही शिजवलेलंच घ्या: उकडलेली कोळंबी, भाजलेला उनागी, म्हणजे ईल मासा. सामन (सॅमन मासा) मी बरोबर असताना.

आई, तुझं खरं सांगायचं तर तिथे तुला फार काही नाही. माळ घातल्यापासून तुझं किती काटेकोर असतं ते मला माहीत आहे, म्हणून सजवून सांगत नाही. अडचण दाशीची, म्हणजे सुक्या माशाच्या पाण्याची. दिसायला शाकाहारी असलेल्या बऱ्याच गोष्टींत ती असते: मिसो सूप, उदोन (जाड नूडल्स), तळलेल्या तोफूची गोड पिशवी. मक्याच्या दाण्यांवर मेयोनीज असतं, त्यात अंडं. बटाट्याचे तळलेले काप कोळंबीच्याच तेलातले असू शकतात. तुझ्यासाठी राहिली काकडीची गुंडाळी, कप्पा-माकी. मीठ लावून उकडलेल्या सोयाबीनच्या शेंगाही घे. टेबलावरच्या सॉसमध्येही दाशी असू शकते, म्हणून साध्या सोया सॉसची पाकिटं तुझ्या पर्समध्ये ठेवीन. निघण्याआधी घरी थालीपीठ खाऊन घे, मी सकाळी लावून ठेवते. त्या आठवड्यात एकादशी आहे, त्या दिवशी भात नाही, म्हणून जायचंही नाही. साबुदाणा तेवढा घेऊन ये.

पैशांची काळजी नको. साधी ताटली 120 ते 160 येनच्या आसपास, म्हणजे आपल्या शंभर रुपयांच्या आतच. दोघांचं दीड हजार येनमध्ये होईल. पडद्यावर बिलाचं बटण दाबायचं, टेबलाचा क्रमांक घेऊन दारापाशी पैसे द्यायचे. टीप ठेवू नका, विसरलात समजून मागे धावत येतील.

बाबा, निघायच्या आधीच्या आठवड्यात आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी, करून रिपोर्टचा फोटो पाठवा. गोळ्या हातातल्या बॅगेत, सामानात नाही. आई, सवयीने सगळं मोठ्या बॅगेत कोंबशील, म्हणून दोनदा लिहिते: हातातल्या बॅगेत.

तुमची,
सोनू