नवीन ग्राउंड स्टाफ सभासदांसाठी सूचना

चिपी (सिंधुदुर्ग) आणि मोपा (उत्तर गोवा) येथील विमानतळांवर ज्या सभासदांनी नुकतेच काम सुरू केले आहे, त्यांनी पुढील संज्ञा पाळीवर जाण्यापूर्वी पक्क्या कराव्यात.

सर्वाधिक घोटाळा विमानतळांच्या कोडमुळे होतो. दाभोळीचा कोड जीओआय, मोपाचा जीओएक्स आणि चिपीचा एसडीडब्ल्यू असून, प्रवासी मात्र पहिल्या दोन्ही ठिकाणांना नुसते 'गोवा' म्हणतात. म्हणून बॅगेला टॅग लावताना बोलण्यावर न जाता बोर्डिंग पासवरील तीन अक्षरे पाहावीत, अन्यथा सावंतवाडीकराची बॅग झुआरी नदीपलीकडे दाभोळीला जाऊन पडते.

हवामानाचा मेटार अहवाल यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असतो आणि आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे असते; त्यामुळे पहाटे 4 वाजताच्या अहवालावर आदल्या तारखेचे 22:30 दिसतात. तो शिळा समजून बाजूला ठेवू नये, पावसाळ्यात तर मुळीच नाही.

सुटण्याची वेळ नोंदवताना 'ऑफ ब्लॉक', म्हणजे विमान स्टँडवरून (उभे राहण्याच्या जागेवरून) हलले तो क्षण धरावा, आकाशात झेपावले तो नव्हे. नुसते चाकांचे चॉक (अडकण) काढले म्हणजे विमान सुटले, असेही होत नाही.

फोनवर पीएनआर (आरक्षणाचा क्रमांक) सांगताना अल्फा, ब्राव्हो, चार्ली हीच ठरलेली अक्षरमाला वापरावी. 'एम मालवणचा, एन नारळाचा' हा आपला घरगुती प्रकार परप्रांतीय सहकाऱ्यास उलगडत नाही.

शंका ग्रुपवर अवश्य विचाराव्यात. प्रवाशांच्या तिकिटांचे किंवा बोर्डिंग पासचे फोटो मात्र येथे टाकू नयेत.

– संयोजक