चिऊचं नख

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू "किरकोळ आहे गं" म्हणालीस आणि मी गप्प बसले. तेव्हा राहिलेलं लिहिते. चिऊच्या नखाने तुझ्या डोळ्यातला फ्लॅप, म्हणजे लॅसिकमध्ये कापून परत बसवलेला कॉर्नियाचा, बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा पापुद्रा, सरकला, त्यात त्या लेकराचा काय दोष? चष्मा घालवायच्या त्या लेझर ऑपरेशनला ९ वर्षं झाली म्हणजे तो घट्ट चिकटला असणार असं सगळ्यांनाच वाटतं. पण जेमतेम ११० मायक्रॉनचा तो पापुद्रा कडेला काय तो नीट भरतो, आतला जोड कायम कच्चाच राहतो. तिरकं नख, फांदी, शटलकॉक, काहीही कडेखाली घुसलं की सुटला.

दोन दिवस गुलाबजल घालत बसलीस त्याचा मात्र राग आहे. सरकलेल्या फ्लॅपला चुण्या पडतात, उशीर झाला की त्या पक्क्या होतात आणि वरच्या पेशी खाली शिरतात. म्हणूनच डॉक्टरांना तो उचलून, खरवडून, धुऊन परत बसवावा लागला. असो. झालं ते झालं, आता ओरडत नाही.

फक्त डोळा चोळू नकोस. रात्री डोळ्यावर शील्ड, ती प्लास्टिकची झाकणी, चिकटवूनच झोप, चिऊला उजव्या अंगाला घे. झोपेत तुझा हात डोळ्याकडे जातोच. लहानपणी दोन्ही मुठींनी चोळायचीस, म्हणून आजी तुझ्या हातांत पायमोजे चढवायची, आणि तू ते दातांनी ओढून काढायचीस.

दोन औषधांच्या थेंबांत पाच मिनिटं जाऊ देत. स्टिरॉइडचं औषध दुधाळ असेल तर बाटली आधी हलव, ते तळाशी बसतं. फ्लॅप झाकायला डॉक्टरांनी वर बसवलेली कॉन्टॅक्ट लेन्स पडली तर परत घालू नकोस, सरळ दवाखाना गाठ. दुखणं वाढलं, उजेड सोसेना, धुरकट दिसलं तर त्याच दिवशी जायचं. फ्लॅपखाली सूज आली की थेंब तासातासाला लागतात, सकाळची वाट बघायची नसते. आणि स्टिरॉइडने डोळ्याचा दाब चढतो. लॅसिकने कॉर्निया पातळ झालेला, त्यामुळे यंत्र तोच दाब कमी दाखवतं. दाब तपासणाऱ्याला दर वेळी लॅसिकचं सांग.

नीट दिसायला लागलं की तू तपासण्या बुडवशील, ओळखते मी तुला. पेशी खाली वाढत असल्या तरी सुरुवातीचे आठवडे तुला काही जाणवणार नाही, कडेचा करडा डाग डॉक्टरांच्या स्लिट लॅम्पखालीच, त्या उजेडाच्या दुर्बिणीतूनच दिसतो.

पहिल्या पगारातून साठवून चष्मा घालवलास, तेव्हा मी सगळ्या वाड्याला सांगत सुटले होते. आता बाबांनाही सांगितलेलं नाही. ते तूच सांग, हळू.

चिऊची नखं ती झोपली की काप. आणि हे वाचताना हात वर गेला असेल तर खाली घे.

तुझी,
आई