रिस्टोअरनंतर कर्जाचं टेबल रिकामं: पाचव्यांदा तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

तुमच्या सॉफ्टवेअरचा बॅकअप रिस्टोअर केला, म्हणजे परत भरला, की आमच्या पतसंस्थेचे सभासद येतात, ठेवी येतात, कर्जाचं टेबल मात्र रिकामं येतं. एकही नोंद नाही. हे मी पाचव्यांदा कळवते आहे.

कारणही मीच शोधलं. कर्जाच्या टेबलावर तुम्ही चेक कन्स्ट्रेन्ट, म्हणजे प्रत्येक नोंद भरताना तपासली जाणारी अट, लावला आहे आणि त्यात तुमचं फंक्शन आहे, जामीनदार सभासद आहे का ते तपासणारं. त्यात सभासदांच्या टेबलाचं नाव स्कीमाशिवाय, म्हणजे ते डेटाबेसच्या कोणत्या कप्प्यात आहे हे न सांगता, लिहिलं आहे. मार्च २०१८ च्या सुरक्षा दुरुस्तीपासून पोस्टग्रेस डेटाबेसचा डंप, म्हणजे बॅकअपची फाइल, सर्च-पाथ (टेबल कोणत्या स्कीमांत शोधायचं ती यादी) रिकामा करतो, त्यामुळे रिस्टोअर होताना फंक्शनला ते टेबल सापडत नाही. पहिल्याच नोंदीला एरर येते, त्या टेबलाची सगळी कॉपी रद्द होते आणि बाकीचं रिस्टोअर पुढे चालू राहतं. मी टेस्ट सर्व्हरवर स्कीमाचं नाव घालून पाहिलं. तरी अडलं, कारण कर्जाचा डेटा सभासदांच्या आधी भरला जातो. चेकमधून दुसरं टेबल वाचलं तर रिस्टोअर फसू शकतं, हे पोस्टग्रेसच्या डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट लिहिलं आहे. तिथे फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या नोंदीशी जोडणारी अट) हवी, नाहीतर ट्रिगर (नोंद भरताना आपोआप चालणारं फंक्शन). डंपमधले ट्रिगर डेटा भरून झाल्यावरच लागतात.

हे सगळं मी काल फोनवर सांगत होते. तुमचा माणूस मध्येच म्हणाला, "मॅडम, फाइल करप्ट असेल, परत बॅकअप घ्या." मी म्हटलं, तीन वेगवेगळ्या रात्रींचे बॅकअप, तिन्हींत एकच टेबल जातं. तो म्हणाला, "सर्व्हर रीस्टार्ट केलात?" मी एरर वाचून दाखवू लागले. तेव्हा तो म्हणाला, "ऑफिसात कुणी सर आहेत का? टेक्निकल आहे, त्यांना फोन द्या." अकरा वर्षं हा सर्व्हर मी सांभाळते आहे. इथे कुणी सर नाहीत. मी तसं सांगितलं, तर "मग सर आले की करा" म्हणून त्याने फोन ठेवला.

फंक्शन तुमचं, कन्स्ट्रेन्ट तुमचा, आणि टेबल रिकामं आमचं. उद्या डिस्क गेली तर कुणाकडे किती येणं आहे हे सभासदांना आम्ही कशावरून सांगायचं? तुमच्यावर विश्वास ठेवला याचं फार वाईट वाटतं.

दुरुस्त केलेलं फंक्शन आणि रिस्टोअर करून दाखवल्याचा लेखी अहवाल आठ दिवसांत हवा. नाहीतर एएमसीचं, म्हणजे वार्षिक देखभाल कराराचं, नूतनीकरण होऊ नये म्हणून मी स्वतः संचालक मंडळापुढे उभी राहीन. तोवर रोज रात्री कर्जाचं टेबल मी वेगळं उतरवून ठेवते आहे.

संगणक विभाग प्रमुख