‘शंभर लिटर’ कोणत्या हवेत?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हवेतल्या बाष्पापासून पिण्याचे पाणी करणारी यंत्रे आता गृहनिर्माण सोसायट्यांच्या दारात आली आहेत. मध्य रेल्वेने २०२२ मध्ये ठाण्यासह काही स्थानकांवर अशी ‘मेघदूत’ यंत्रे बसवण्याचे जाहीर केले, तेव्हापासून लोकांना त्यांचे कुतूहल आहेच. ऐरोलीतल्या आमच्या सोसायटीत राखीव निधीतून एक यंत्र घेण्याचा प्रस्ताव आहे. घोडबंदर रोडला राहणारी माझी बहीण तर टँकरच्या रोजच्या कटकटीला कंटाळून घरासाठीच घ्यायला निघाली आहे. माझी उभी हयात फ्रिज-एसीच्या दुरुस्तीत गेली, त्यामुळे गप्प बसवत नाही.

पंखा हवा ओढतो, ती थंड कॉईलवरून जाते, दवबिंदूच्या, म्हणजे ज्या तापमानाला बाष्पाचे पाणी होऊ लागते त्याच्या, खाली गेली की बाष्पाचे थेंब होतात आणि ट्रेमध्ये पडतात. एसीच्या नळीतून गळते तेच हे पाणी; इथे पुढे फिल्टर, अतिनील दिवा आणि क्षार मिसळायची सोय असते. तंत्र खरे आहे, फसवे नाही.

अडचण आकड्यांची आहे. माहितीपत्रकावर ठळक अक्षरांत ‘दिवसाला १०० लिटर’, आणि तळाशी बारीक टायपात ‘३० अंश, ८० टक्के आर्द्रता’. अशी हवा आपल्याकडे पावसाळ्यात असते, म्हणजे नळाला पाणी असते तेव्हा. एप्रिल-मेमध्येही खाडीकाठचा दमटपणा बऱ्यापैकी साथ देतो, हे मान्य. पण जानेवारीतल्या दुपारी आर्द्रता चाळीस टक्क्यांच्या आसपास येते, तेव्हा तेच यंत्र निम्मेसुद्धा देणार नाही.

दहा बाय बाराच्या खोलीत साधारण ३२ घनमीटर हवा मावते. चांगल्या दमट दिवशी एका घनमीटरात २० ग्रॅमच्या आसपास बाष्प असते आणि कॉईल त्यातले जेमतेम अर्धे पकडते. म्हणजे एका लिटरसाठी अशा तीन खोल्यांची हवा गाळावी लागते. खिडक्या लावून स्वयंपाकघरात यंत्र ठेवले, तर थोड्याच वेळात पाणी आटते. शिवाय बाष्पाचे पाणी होताना लिटरमागे सुमारे दोन तृतीयांश युनिट विजेएवढी उष्णता सुटते. ती आणि कॉम्प्रेसरची उष्णता, दोन्ही घरातच राहतात. ऐन मे महिन्यात ओट्यापाशी उभ्या असलेल्या बाईला हे कोणी सांगते का?

विजेचे म्हणाल तर घरगुती यंत्र लिटरला अर्धा ते एक युनिट सहज खाते. समुद्राचे खारे पाणी गोडे करायला हजार लिटरला तीन-चार युनिटे पुरतात.

स्वच्छतेबद्दल तर मला सर्वांत जास्त काळजी आहे. एसी उघडला की कॉईलच्या पात्यांत धुळीचा करडा नमदा आणि ट्रेच्या कोपऱ्यात बुळबुळीत थर हमखास सापडतो. पिण्याच्या यंत्रातही हवा तीच, ओल तीच. जाळी, ट्रे, टाकी वेळच्या वेळी धुतली नाही तर फिल्टर किती पुरे पडणार? त्यातून आमच्या महापे-रबाळे-तुर्भे पट्ट्यात कारखान्यांचे वायू हवेत असतात. अमोनियासारखे वायू पाण्यात चटकन विरघळतात. महापालिकेने या पट्ट्यातल्या यंत्रांचे नमुने आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या मानकाप्रमाणे तपासून निकाल जाहीर करावेत, अशी माझी मागणी आहे.

संशोधनाला माझा विरोध नाही. २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल ज्या सच्छिद्र पदार्थांना मिळाले, त्यांचा वापर करून ओमर याघी यांच्या चमूने २०१७ मध्ये केवळ २० टक्के आर्द्रतेच्या हवेतून, फक्त उन्हाच्या जोरावर पाणी काढून दाखवले. वाळवंटासाठी ते वरदान ठरो. दवाखान्यात किंवा जारच्या पाण्याचा भरवसा नसलेल्या कार्यालयात आजचे यंत्रही उपयोगी पडेल. पण शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर हा सरकारी निकष आहे आणि त्यातले पिण्यापुरते तीन-चार लिटरच. घोडबंदरला टँकर येतो तो अंघोळ, कपडे, भांडी आणि संडाससाठी. हे यंत्र घेतल्याने त्यातली एकही फेरी वाचणार नाही.

सोसायट्यांना विनंती की ठराव मंजूर करण्याआधी यंत्र जानेवारीत आठवडाभर चाचणीला मागवावे, त्याला वेगळा वीजमीटर लावावा आणि रोजचे लिटर व युनिट सूचनाफलकावर लिहावेत. विक्रेता तयार नसेल तर पैसे देऊ नयेत.

आपला,
एक निवृत्त एसी मेकॅनिक, ऐरोली, नवी मुंबई