मित्रकीटकांचीही मोजदाद हवी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा सुरू झाला की कीड-रोग सल्ल्याचे संदेश मोबाइलवर येऊ लागतात. कोणती कीड, कोणते औषध, दहा लिटर पाण्याला किती मिली. ते उपयोगाचे असतात, पाठवणाऱ्यांचे मी आभारच मानतो. पण मला आलेल्या संदेशांत त्याच पानावर बसून कीड खाणाऱ्या मित्रकीटकांचा, म्हणजे ढालकिड्यांचा, क्रायसोपाच्या अळ्यांचा, किंवा कोळ्यांचा उल्लेख कधी आढळला नाही. मावा दिसतो आहे आणि त्यात ढालकिड्याच्या अळ्याही फिरताहेत, अशा वेळी पंप पाठीला लावायचा की चार दिवस थांबायचे, हे शेतकऱ्याने कशावरून ठरवावे?

आम्ही सांगली भागातले ऊस उत्पादक हा प्रश्न एकदा फार जवळून पाहून बसलो आहोत. २००२ च्या जुलैत आपल्या जिल्ह्यात लोकरी मावा ही उसाचा रस शोषणारी कीड आली. पानांखाली पांढऱ्या लोकरीचा थर, खालच्या पानांवर चिकटा आणि त्यावर काळी बुरशी. डोक्याच्या वर गेलेल्या उसात शिरून फवारणार तरी कसे? तरी लोकांनी मिळेल ते औषध मारले. मावा हटला नाही. तो आटोक्यात आला तो कोनोबाथ्रा या पतंगाच्या अळ्यांमुळे आणि मायक्रोमस या मावा खाणाऱ्या कीटकामुळे. कोनोबाथ्राची अळी माव्याच्या वसाहतीतच रेशमी धाग्यांची जाळी करते आणि आत बसून मावा फस्त करते. या अळ्या असलेली पाने एका फडातून काढून दुसऱ्या फडात नेऊन अडकवायची, हे काम त्या काळात गावोगावच्या शेतकऱ्यांनी केले आहे. शेडनेटमध्ये त्यांची पैदास झाली. हेक्टरी १००० अळ्या सोडा, ही शिफारस अनेकांना अजून पाठ असेल. जोडीला एन्कार्सिया ही डोळ्यांना जेमतेम दिसणारी परोपजीवी गांधीलमाशी आसामातून आणून सोडली गेली.

ती आणता आली, कारण ती तिथल्या उसात याच माव्यावर जगते हे कुणीतरी आधी शेतात उभे राहून पाहिले होते, नमुना गोळा केला होता, तिची ओळख पटवून नोंद केली होती. लोकरी मावा ईशान्य भारताला आणि बंगालला आपल्या कितीतरी आधीपासून माहीत होता. तिकडचे हे स्थानिक काम नसते, तर आपल्याकडे संकट आल्यावर शोधाला सुरुवात झाली असती आणि दोन-तीन गळीत हंगाम त्यातच गेले असते.

कपाशीवरच्या पिठ्या ढेकणाचे उदाहरण याहून बोलके आहे. मूळ अमेरिकेतली ही कीड साधारण २००५ नंतर देशभर पसरली. तिच्या अंगात अंडी घालणारी एनाशियस ही इवलीशी गांधीलमाशी कुणी मुद्दाम न आणताच शेतात सापडली. अलीगढच्या मोहम्मद हयात यांनी २००९ मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन केले. पुढे ती अमेरिकेत पूर्वीच नोंदलेली जात असल्याचे लक्षात आले. तपकिरी, कडक झालेला पिठ्या ढेकूण म्हणजे आत ही माशी वाढते आहे, हे ज्याला ठाऊक आहे तो त्या झाडावर विष मारणार नाही. ज्याला ठाऊक नाही तो मारणारच, त्याला दोष कसा द्यावा? आणि मारलेले विष माणसालाही सोडत नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते विसरता येत नाही.

कोळ्यांकडे तर आपले लक्षच नाही. शेतातले कितीतरी कोळी जाळे विणतच नाहीत. लांडगा कोळी जमिनीवर धावून शिकार करतो, लिंक्स कोळी पानावर दबा धरून बसतो. पिकावर कीड येण्याआधीच ते बारीक माश्या खाऊन तिथे तग धरून असतात, म्हणून कीड आली की पहिला घास तेच घेतात. बांधावरचे गवत आणि उसाचे पाचट हा त्यांचा आसरा. पाचट पेटवले की तो गेला. जहाल, सगळ्यांनाच मारणारे कीटकनाशक मारले की किडीच्या आधी हे मरतात आणि पंधरवड्यात कीड पुन्हा उसळते. भारतातल्या कोळ्यांच्या वर्गीकरणाचे मोठे काम बी. के. टिकादर यांनी पुण्यात राहून केले. असे काम पुढे नेणारी माणसे आज प्रत्येक विभागात हवीत. पूर्ण वाढ झालेल्या कोळ्याचे अवयव सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्याशिवाय बहुतेक जाती ठरवता येत नाहीत. हे मोबाइलच्या फोटोवर भागणारे काम नाही, त्याला वर्षानुवर्षे नजर तयार करावी लागते.

म्हणून कृषी खात्याला माझी विनंती आहे की आठवड्याच्या कीड सर्वेक्षणात किडीच्या रकान्याशेजारी मित्रकीटक आणि कोळी यांचा रकाना असावा आणि तो आकडा सल्ल्यासोबत शेतकऱ्यापर्यंत पोहोचावा. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चारही कृषी विद्यापीठांत कीटक आणि कोळी ओळखणाऱ्या तज्ज्ञांची कायमस्वरूपी पदे असावीत. कोकणातल्या भाताचे कोळी आणि विदर्भातल्या कपाशीचे कोळी एकच असतील असे गृहीत धरून चालणार नाही.

आणखी एक काम तर जवळपास बिनखर्चाचे आहे. कृषी पदवीचे विद्यार्थी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून कीटक पकडून पेट्या तयार करतात. प्रत्येक नमुन्याला गाव, तारीख आणि पीक लिहिलेली चिठ्ठी लावणे सक्तीचे करावे, आणि गुण देऊन झाल्यावर चांगले नमुने विद्यापीठाच्या संग्रहात जमा करून घ्यावेत. हे येत्या शैक्षणिक वर्षापासूनच सुरू करता येईल.

आपला,
एक ऊस उत्पादक, ता. वाळवा, जि. सांगली