गजूस पत्र: मोठीच्या पाठीबद्दल

प्रिय गजू,

परवा फोनवर मला नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहायला बसलो.

कापूस वेचताना कळलं. माझी मोठी पोरगी ओटी बांधून वाकली होती, मागून तिची आई येत होती. उजवीकडच्या फासळ्या डावीपेक्षा उंच दिसल्या. त्याआधी वर्षभर मी पोरीला "सरळ उभी राह, खांदा पाडू नको" म्हणून रागावत होतो. दवाखान्यातून परतताना एसटीत तिनं विचारलं, "बाबा, मी मुद्दाम नव्हती ना करत?" गजू, मला उत्तर देता आलं नाही.

डॉक्टरांनी एक्स-रेवर रेघा ओढून दाखवल्या. कणा बाजूला वळतो आणि दोरीला पीळ बसावा तसा फिरतोही, म्हणून फासळ्या वर येतात. वळण १० अंश किंवा जास्त असलं की त्याला स्कोलिओसिस म्हणतात. हिचं ३१ भरलं.

घरी आई म्हणे, पोटात असताना सुनेनं गिरान पाळलं नाही. मी दप्तराला दोष देत होतो, कधी पाण्याच्या गुंडीला. यातल्या कशानंच हे होत नाही. बहुतेक मुलांत, १०० पैकी सुमारे ८० जणांत, कारण सापडतच नाही. आईला बाजूला बसवून मी हे दोनदा सांगितलं. बायको त्या रात्री खूप दिवसांनी पोटभर जेवली.

आता पट्टा आहे, कडक प्लास्टिकचा, दिवसातले १८ तास. त्यानं कणा सरळ होईलच असं नाही. हाड वाढायचं थांबेपर्यंत वळण वाढू द्यायचं नाही, एवढ्यासाठी तो. ५० च्या पुढे गेलं तर ऑपरेशनचा विचार. २०१३ च्या एका अभ्यासात पट्टा घातलेल्या १०० पैकी ७२ मुलांचं वळण ५० च्या आत राहिलं, नुसत्या देखरेखीवरच्यांत ४८ जणांचं. त्या आकड्यावर मी जीव टांगून आहे. आतून सुती बनियन घालते, तरी आपल्याकडचा मे महिना तिला कसा जाईल याचीच धास्ती वाटते.

तुझी धाकटी अकरा वर्षांची. उंची झपाट्यानं वाढते तेव्हा हे जास्त वाढतं, आणि मोठी वळणं मुलींतच जास्त. बहुतेकदा दुखत नाही, म्हणून कळतही नाही. वहिनींना सांग: पाठ उघडी, पाय जुळवलेले, हात जोडून पोरीला कमरेतून खाली वाकवा आणि मागून पाहा, दोन्ही बाजू सारख्या उंच आहेत का. आज रात्रीच पाहा, आणि काय दिसलं ते मला कळव.

तुझा,
बंडू