वॉटर कूलर नको, शनिवार द्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेले तीन आठवडे गोव्यातल्या आमच्या लॉ कॉलेजच्या जुन्या बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच विषय चाललाय, कॉलेजला काय द्यायचं. कोण म्हणतो वॉटर कूलर, कोण म्हणतो मूट कोर्टच्या (मुलं खोटा खटला चालवून सराव करतात त्या) हॉलला एसी, आणि एकजण तर सरळ म्हणाला की लाकडी पोडियम देऊया, त्याच्यावर बॅचचं नाव कोरता येतं. पोडियमला सोळा अंगठे पडले. मी काही लिहिलं नाही, कारण ग्रुपवर मोठं लिहिलं की कोण वाचत नाही, म्हणून तुमच्या पेपराला लिहितेय.

मी १९९३ साली पास झाले. तेव्हा हायकोर्टाचं खंडपीठ पणजीत होतं, आता पर्वरीला मोठी इमारत झाली, पण खालच्या कोर्टातलं काम मात्र तसंच आहे. फोंड्याला प्रॅक्टिस म्हणजे काय, तर मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारा), कुळ, इन्व्हेंटरी, म्हणजे वारलेल्याच्या मालमत्तेची कोर्टातून वाटणी, आणि मधे मधे चेक बाउन्स. कॉलेजमधून बाहेर पडले तेव्हा मला घटनेची कलमं पाठ होती, पण एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमिनीच्या हक्काच्या नोंदीचा कागद, समोर आला तर कुळाचं नाव कुठल्या रकान्यात बघायचं तेही ठाऊक नव्हतं. ते मला सिनियरनी शिकवलं, तेही ओरडून. आणि सिनियर मिळाले हे माझं नशीब, आजच्या पोरांना तेवढं पण मिळत नाही, कारण सिनियरकडे बसायचं तर पेट्रोलचे पैसे कोण देणार. बार कौन्सिलनं २०२४ मध्ये सांगितलंय की ज्युनियरला महिन्याला शहरात निदान वीस हजार आणि गावात पंधरा हजार द्या, पण ती शिफारस आहे, आणि तालुक्याच्या कोर्टात कोण किती देतो ते आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे.

तर दोन वर्षांपूर्वी मी कॉलेजला फोन करून विचारलं की मी येऊन शिकवू का, पैसे नकोत. आधी उत्तर आलं की टाइमटेबलात बसत नाही. मग आलं की याला क्रेडिट काय दाखवायचं. मग एका प्राध्यापकांनी स्वतःच्या जबाबदारीवर सांगितलं, शनिवारी दुपारी तीनला या, खोली उघडी ठेवतो. पहिल्या शनिवारी चार विद्यार्थी आले, त्यातला एक पावसात बस चुकली म्हणून थांबला होता. आता अकरा असतात.

तिथे काय करतो ते सांगते. मी माझ्या कपाटातल्या जुन्या फायलींच्या झेरॉक्स नेते, अशिलांची नावं काळ्या पेनानं खोडून, आणि मुलांना वाचायला देते. पोर्तुगीज काळातलं एक खरेदीखत दिलं होतं. आमच्याकडे जमिनीच्या भांडणात आजही मूळ कागद बऱ्याचदा पोर्तुगीजमध्येच सापडतो. एका मुलीनं मोबाईलवर भाषांतर करून नोट लिहिली, एकदम नीटनेटकी, आणि त्यात होतं की जमिनीच्या हद्दीवर झरा आहे, त्यामुळे पाण्याचा हक्क तपासावा. मी परत परत वाचलं, झरा कुठून आला? मग कळलं. चतुःसीमेत ‘नासेंत’ लिहिलेलं, त्याचा अर्थ पूर्व, सूर्य उगवतो ती बाजू, पण त्याच शब्दाचा दुसरा अर्थ झरा, आणि मोबाईलनं तोच उचलला. ‘पोयेंत’ म्हणजे पश्चिम, तिथे तिनं ‘सूर्यास्त’ लिहिलेलं. आम्ही सगळे खूप हसलो, ती पण हसली, पण हीच नोट उद्या दाव्यात गेली असती तर समोरच्या वकिलानं काय केलं असतं? तिची चूक नाही हो, तिला कोणी हे सांगितलंच नव्हतं. मला सांगणारे सिनियर आता नाहीत, आणि हे वाचता येणारे गोव्यात किती उरलेत ते बोटांवर मोजा.

इन्व्हेंटरीचं पण तेच. सिलॅबसमध्ये गोव्याचा कायदा आहे, नाही असं नाही, पण परीक्षेपुरता. मुलं १९५६ चा हिंदू वारसा कायदा घडाघडा म्हणतात, जो आमच्या बहुतेक गोंयकार हिंदूंच्या घरात लागूच होत नाही. आमच्याकडे १८६७ च्या पोर्तुगीज सिव्हिल कोडातून आलेलं, आता २०१२ च्या कायद्यात बसवलेलं. नवरा वारला तर वेगळा करार नसला की अर्धी मालमत्ता बायकोची आधीपासूनच असते, उरलेल्या अर्ध्यात मुलगा-मुलगी सारखे, आणि बापानं मृत्युपत्र केलं तरी स्वतःच्या वाट्यातला निम्माच इकडे तिकडे करता येतो. आणि वाटणी होत नसेल तर कोर्टात वारसांमध्येच बोली लागते, ज्याची जास्त त्याला ती वस्तू, त्यानं बाकीच्यांना त्यांच्या हिश्श्याचे पैसे द्यायचे, आम्ही त्याला ओवेल्टी म्हणतो.

ही बोली आम्ही एका शनिवारी वर्गातच लावली. चार भावंडं, एक घर, एक नारळाचं भाट (बाग), काजूचा डोंगर. बहीण झालेली मुलगी सत्तरी तालुक्यातली, ती घरावर बोली वाढवत सुटली, भाऊ झालेला मुलगा खरंच चिडला, म्हणाला तू लग्न होऊन गेलीस ना, तुला घर कशाला. वर्ग हसला आणि मग एकदम शांत झाला, कारण तो नाटक करत नव्हता. त्या पाच मिनिटांत जे शिकले ते मला तासभर बोलून शिकवता आलं नसतं.

कोणी म्हणेल, लीगल एड क्लिनिक आहे की कॉलेजात. आहे. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनी प्रत्येक लॉ कॉलेजला ते ठेवावंच लागतं. पण मी पाहिलंय की बऱ्याच वेळा पंचायतीच्या हॉलमध्ये शिबिर होतं, भाषणं होतात, बॅनरबरोबर फोटो, समोसा, संपलं. एका शिबिरात एक म्हातारी आली होती, प्लॅस्टिकच्या पिशवीत घरपट्टीच्या पावत्या, विजेचं जुनं बिल, भाटकारानं, म्हणजे जमीनमालकानं, दिलेली एक चिठ्ठी. तिला मुंडकार म्हणून नोंद करायची होती. मुलांनी तिला माहितीपत्रक दिलं. इंग्रजी! १९७५ चा कायदा तिच्यासाठीच केलाय, नोंद झाली की मामलेदाराकडे अर्ज करून घर आणि भोवतालची जमीन विकत घेता येते, पण अर्ज लिहायला कोण बसणार? विद्यार्थी कोर्टात उभे राहू शकत नाहीत हे खरं, पण तिच्या पिशवीतले कागद तारखेप्रमाणे लावून अर्जाचा ड्राफ्ट करायला सनद लागत नाही. त्यांच्या बाजूला एक वकील बसला पाहिजे, बस्स. तो तिथे नव्हता, आणि त्यात मी पण आले, कारण मी शेवटच्या अर्ध्या तासाला, भाषण द्यायला पोचले होते.

म्हणून माझं बॅचवाल्यांना सांगणं एवढंच की पोडियम नको. पैसे द्यायचेच असतील तर ज्या मुलांना सिनियरकडे बसायला परवडत नाही त्यांच्या बसभाड्याचे द्या. आणि बाकीच्यांनी महिन्यातून एक शनिवार द्या. म्हापशाचे दोघे आहेत जे कोमुनिदादच्या (गावच्या सामायिक जमिनीच्या जुन्या संस्थेच्या) केसेस डोळे मिटून चालवतात, मडगावचा एक आहे ज्यानं अपघात नुकसानभरपाईत अख्खं आयुष्य काढलं, एक मैत्रीण न्यायाधीश होऊन रिटायर झाली, ती तर घरी फणसाचे गरे तळत बसलेली असते (फोटो रोज ग्रुपवर असतात). कॉलेजनं पण जरा मन मोठं करावं, टाइमटेबलात दोन तास काढून द्यावेत, क्रेडिटचं काहीतरी बघावं, नाहीतर ज्या प्राध्यापकांनी खोली उघडी ठेवली त्यांची बदली झाली की हे सगळं बंद.

आणखी एक. माझ्या सिनियरांनी जाताना मला त्यांचा जुना पोर्तुगीज शब्दकोश दिला होता, समासात शाईनं मराठी अर्थ लिहिलेले. तो मी मोठ्या मनानं लायब्ररीला दिला. सहा महिन्यांनी बघायला गेले तर काचेच्या कपाटात, कुलूप लावून, आणि चावी ज्यांच्याकडे ते रजेवर. कुलूप उघडेपर्यंत आता मीच समासाचे झेरॉक्स घेऊन जाते. ज्या वकिलांच्या घरी असे कागद, असे कोश, हातानं लिहिलेल्या नोंदी पडून असतील त्यांनी चवथीच्या साफसफाईत रद्दीवाल्याला देऊ नयेत. शनिवारी तीन वाजता घेऊन या, चहा माझ्याकडून.

आपली,
एक वकील, फोंडा